काल काय केलं? इंग्रजीतला साधा भूतकाळ आणि आपण

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. वेळेअभावी बोलायची राहिलेली काही उदाहरणं लिहून काढताना घातली आहेत.)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. मी तो साभार परत केला. आपण सगळे चाळिशी ओलांडलेले लोक. आपल्याला आता संधीपेक्षा चष्म्याचा नंबर महत्त्वाचा. आणि संगणकाबद्दल सांगायचं तर आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज सकाळी जे फॉरवर्ड येतं, त्यापुढे माझं ज्ञान तोकडं आहे. म्हणून मी माझ्या मनाने विषय घेतला: इंग्रजीतला साधा भूतकाळ. हसू नका. गेली वीस वर्षं माझी नोकरी सकाळी साडेदहाला याच भूतकाळाने सुरू होते. आमच्याकडे रोज दहा-पंधरा मिनिटांची एक बैठक असते. त्यात प्रत्येकाने आधी सांगायचं असतं, काल काय केलं. ‘आय फिक्स्ट’, ‘आय टेस्टेड’, ‘आय फाउंड’. कोड लिहिणं त्याच्यानंतर.

आपल्या सरांनी लाल पेनने सगळ्यात जास्त वेळा खोडलेलं वाक्य कुठलं असेल? माझ्या मते, ‘आय डिड नॉट वेंट’. आपल्या वेळेला हेच होतं. आपली मुलं-भाच्चे ज्या मराठी शाळांत आहेत तिथे आजही हेच आहे. आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, 1991 च्या जूनमध्ये. 2000 सालापासून ते पहिलीत आलं. म्हणजे मुलांना चार वर्षं जास्त मिळाली, तरी ‘डिड नॉट वेंट’ जागचं हललेलं नाही. मला याचं नेहमी कुतूहल वाटत आलंय. इतकी मुलं, इतक्या वर्षांत, न ठरवता नेमकी एकच चूक करत असतील, तर त्यामागे काहीतरी कारण असणार. आमच्या धंद्यात तर असंच मानतात: एखादी गडबड कधीतरी होत असेल तर नशीब म्हणा, पण दरवेळी त्याच जागी होत असेल तर ती शोधता येते.

कारण आपल्या घरातच आहे. मराठीत नकार कसा करतो? ‘मी शाळेत गेले.’ त्याला शेपटासारखं ‘नाही’ लावायचं: ‘मी शाळेत गेले नाही.’ ‘गेले’ जसंच्या तसं राहिलं. प्रश्न विचारायचा तर ‘का’ लावायचा: ‘तू गेली होतीस का?’, ‘तो गेला का?’ इथेही क्रियापदाला धक्का नाही. मराठी मुलाच्या मनात पक्कं बसलेलं असतं की भूतकाळ क्रियापदात राहतो आणि ‘नाही’, ‘का’ हे बाहेरून येणारे पाहुणे आहेत. मग तेच मूल इंग्रजीत येतं. ‘वेंट’ म्हणजे गेले, हे त्याला पाठ असतं. ‘डिड नॉट’ म्हणजे नाही, असं ते समजून घेतं. दोन्ही जोडतं. त्याच्या बाजूने पाहिलं तर हिशेब बरोबर आहे.

गडबड इतकीच, की ‘डिड नॉट’ म्हणजे नुसतं ‘नाही’ नव्हे. ‘डिड’ हा स्वतःच ‘डू’चा भूतकाळ आहे. इंग्रजी वाक्यात भूतकाळ म्हणजे घराच्या किल्ल्यांचा जुडगा समजा. तो एका वेळी एकाच्याच कमरेला असतो. घरात ‘वेंट’ एकटी असते तेव्हा जुडगा तिच्या कमरेला. नकार किंवा प्रश्न आला की ‘डिड’ नावाची सासू घरात येते आणि पहिली गोष्ट काय करते? जुडगा स्वतःच्या कमरेला खोचते. मग ‘वेंट’ची झाली ‘गो’. ‘आय डिड नॉट गो.’ ‘डिड यू गो?’ सुनेच्या कमरेला दुसरा जुडगा शोधायला जाऊ नका, घरात एकच आहे. जोर देऊन सांगायचं असेल तर होकारार्थी वाक्यातही सासूबाई येतात: ‘आय डिड गो!’ म्हणजे ‘अहो, गेले होते ना मी!’ तिथेही जुडगा त्यांच्याकडेच.

एकच घर असं आहे जिथे या सासूबाईंना कुणी घेत नाही, ते म्हणजे ‘वॉज’ आणि ‘वेअर’. ‘आय वॉज नॉट’, ‘वेअर यू?’ तिथे ‘डिड’ आणायचाच नाही.

गंमत म्हणजे इंग्रजी कायम अशी नव्हती. शेक्सपिअरच्या काळात ‘आय न्यू नॉट’ अशी, थेट आपल्या ‘मला माहीत नव्हतं’ सारखी, क्रियापदाच्या मागे नकार लावायची रीत चालू होती आणि ‘डिड नॉट’ची रीतही तिच्या शेजारी रुळत होती. पुढे ‘डिड’ जिंकला. तेव्हा आपलं मराठी मूल जुन्या इंग्रजीच्या अर्ध्या वाटेवर उभं आहे असं म्हणायला हरकत नाही. सर, याने गुण वाढणार नाहीत हे मला कळतं. पण त्याला ‘किती वेळा सांगितलं रे’ म्हणण्याआधी हे आपल्याला ठाऊक असावं.

आता सोपी बाजू. ती आपल्याला कुणी नीट सांगितली नाही, असं मला वाटतं. मराठीचा भूतकाळ जगातल्या अवघड भूतकाळांपैकी एक असेल आणि तो आपण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, दूध पिता पिता शिकलो. बघा: मी आंबा खाल्ला. मी पोळी खाल्ली. मी केळं खाल्लं. मी चार आंबे खाल्ले. खाणारी मी एकच, पण क्रियापद माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते ताटातल्या पदार्थाकडे बघतं. यालाच आपण आठवीत कर्मणी प्रयोग म्हणून घोकलं. आणि कर्म नसेल तेव्हा क्रियापद पुन्हा कर्त्याकडे वळतं: तो गेला, ती गेली, मी गेले, आणि माझ्या शेजारी बसलेला मुलगा असेल तर मी गेलो. एवढी सगळी गणितं तोंडातल्या तोंडात, एका क्षणात.

इंग्रजीत काय आहे? ‘आय एट अ मँगो’, ‘शी एट अ बनाना’, ‘दे एट फोर मँगोज’. खाणारा कुणी असो, पदार्थ काही असो, ‘एट’ तो ‘एट’. ‘आय वेंट’ बाईने म्हटलं काय आणि बुवाने म्हटलं काय. वर्तमानकाळात तरी ‘ही’, ‘शी’ आले की ‘एस’ लावायची कटकट आहे, ‘ही गोज’, ‘शी ईट्स’. भूतकाळात तीही नाही. एक ‘वॉज’-‘वेअर’ सोडलं तर कुणाशीच काही जुळवायचं नाही. माझं स्पष्ट मत आहे की मराठी मुलांना इंग्रजीत आधी भूतकाळ शिकवावा, वर्तमानकाळ मागून. पुस्तकं उलटं करतात. शिवाय मुलांना सांगण्यासारखं असतंही कालचंच. ‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे कुणाला सांगायचं असतं?

जाता जाता एक. पुण्यात माझ्यासोबत लातूरकडचा एक सहकारी होता. तो ‘मी जेवण केलो’, ‘मी काम केलो’ म्हणायचा आणि टेबलावरचे लोक हसायचे. आपल्याला हे ‘केलो’ नवीन नाही. नांदेड-लातूरकडचे पाहुणे आले की ऐकतोच. आपल्या बाजारातले दखनी बोलणारे लोकही ‘मैं खाना खाया’ म्हणतात, मधला ‘ने’ लावत नाहीत. दोन्हींत क्रियापद पदार्थाला सोडून करणाऱ्याकडे वळलेलं आहे. इंग्रजीतही ते पदार्थाकडे बघत नाही. म्हणजे जे लोक ‘मी केलो’ला हसत होते, तेच पुढच्या मिनिटाला फोनवर इंग्रजी बोलताना निम्मं-अर्धं त्याच वाटेने जात होते. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचं ‘म्या केलं’ तर अशुद्धही नाही, ते जुनं आहे. ज्ञानेश्वरीत ‘म्यां’ जागोजागी भेटतो. मी हे त्या टेबलावर सांगितलं. हसणं थांबलं असं नाही, पण सहकारी माझ्याशी घरच्यासारखं बोलायला लागला.

आता तक्ता. पहिलं रूप, दुसरं रूप, तिसरं रूप. गो-वेंट-गॉन, कम-केम-कम, ईट-एट-ईटन. सर आपल्याला व्हरांड्यात उभं करून तालावर म्हणायला लावायचे, आणि शेवटच्या बाकावरच्यांचा ‘कट-कट-कट’ आणि ‘पुट-पुट-पुट’ला आवाज कसा चढायचा ते इथल्या काही मंडळींना आठवत असेलच. ते पाठांतर वाया गेलं नाही. नियमात न बसणारी इंग्रजी क्रियापदं साधारण दोनशे आहेत, आणि नेमकी तीच रोजच्या बोलण्यात सारखी लागतात: जाणं, येणं, खाणं, देणं, घेणं, करणं, म्हणणं. ती पाठ करण्याला पर्याय नाही. पण मुलाने ‘ही माणसं अशी वेडीवाकडी का वागतात’ असं विचारलं तर त्याला आपला तक्ता दाखवावा. आपला नियम ‘ल’चा: बस-बसला, पड-पडला, धाव-धावला. मग जा-‘जाला’ व्हायला हवं होतं, झालं ‘गेला’. कर-केला. मर-मेला. ये-आला. घे-घेतला. खा-खाल्ला. सांग-सांगितला. धू-धुतला. आपण हे कुठल्या व्हरांड्यात पाठ केलं होतं? लहान मूल ‘मी करलं’ म्हणतं आणि आपण कौतुकाने हसतो. इंग्रजांचं मूल त्याच वयात ‘गोड’ म्हणतं, म्हणजे ‘गो’ला ‘एड’ लावलेलं, आणि त्याची आईही तशीच हसते.

‘जा’ आणि ‘गेला’ यांचं तर नातंच नाही. ‘जा’ संस्कृतातल्या ‘या’ धातूवरून आला आणि ‘गेला’ ‘गम्’च्या ‘गत’वरून. दोन वेगळ्या घरांतली माणसं एका रेशनकार्डावर. ‘गो’ आणि ‘वेंट’ची गोष्ट अगदी हीच: ‘वेंट’ हा मुळात ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ, तो ‘गो’च्या घरी राहायला आला. नवी क्रियापदं मात्र दोन्ही भाषांनी सरळ केली. इंग्रजी ‘गूगल’ला बिनदिक्कत ‘एड’ लावते. आपण ‘गूगल केलं’, ‘डिलीट केलं’, ‘सेव्ह केलं’ म्हणतो, सगळं ओझं बिचाऱ्या ‘केलं’वर.

त्या ‘एड’च्या उच्चाराबद्दल थोडंसं, कारण फोनवर आपण मराठी माध्यमाचे लगेच ओळखू येतो ते इथेच. आपण स्पेलिंग वाचतो: ‘वॉक-एड’, ‘चेक-एड’, ‘फिक्स-एड’. खरा उच्चार ‘वॉक्ट’, ‘चेक्ट’, ‘फिक्स्ट’. ‘प्ले’चं ‘प्लेड’, ‘ओपन’चं ‘ओपन्ड’. वेगळा ‘एड’ किंवा ‘इड’ ऐकू येतो तो फक्त मूळ शब्द ‘ट’ किंवा ‘ड’ने संपत असेल तेव्हा: ‘वॉन्टेड’, ‘टेस्टेड’, ‘नीडेड’, ‘रिस्टार्टेड’. कारणही साधं आहे. ‘ट’वर पुन्हा ‘ट’ म्हणता येत नाही, मध्ये श्वासाला जागा लागते. एवढं एक सूत्र धरलं तर पुष्कळ भागतं.

मी आता ज्यासाठी हा विषय घेतला तिथे येते. ‘डिड नॉट वेंट’ कानाला खटकतं, पण त्याने कुणाचा गैरसमज होत नाही. ऐकणाऱ्याला कळतं की बोवा गेला नव्हता. दुसरी एक चूक आहे, ती खटकत नाही, छान शुद्ध वाटते आणि अर्थाचा घोळ करते. ती म्हणजे ‘हॅड’.

मी म्हणते, ‘मी काल परभणीला गेले होते.’ का म्हणते? नुसतं ‘काल परभणीला गेले’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटतं, मग पुढे काय झालं? गोष्ट अर्धी राहिली, किंवा ती अजून तिथेच आहे. ‘गेले होते’मध्ये गेले आणि परतही आले, विषय संपला, असं सगळं येतं. मराठीत हे अगदी योग्य आहे. आपण तेच उचलून इंग्रजीत ठेवतो: ‘आय हॅड गॉन टु परभणी यस्टरडे.’ इंग्रज माणूस पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. त्याच्या कानाला ‘हॅड गॉन’ म्हणजे दुसरं काहीतरी घडायच्या आधीच गेले होते. कशाच्या आधी? ते तर आपण सांगतच नाही. त्याला हवं होतं साधं ‘आय वेंट’. आपल्या ‘गेले होते’चं इंग्रजी बहुतेक वेळा ‘वेंट’च असतं. शंका आली तर ‘हॅड’ काढून बघायचा. वाक्य उभं राहिलं तर तो लागतच नव्हता.

याची किंमत मी पाहिली आहे. एका नोकरीत असताना परदेशातल्या एका ग्राहकाचा सर्व्हर रात्री बंद पडला. झालं ते असं: 2 वाजून 10 मिनिटांनी डिस्क भरली, त्यामुळे डेटाबेस थांबला, मग 2 वाजून 25 मिनिटांनी आमच्या मुलांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. पहाटेपर्यंत जागलेल्या, अतिशय हुशार अशा आमच्या एका सहकाऱ्याने सकाळी अहवाल लिहिला. मनात मराठी होतं: आम्ही सर्व्हर रिस्टार्ट केला होता. कागदावर उतरलं ‘वी हॅड रिस्टार्टेड द सर्व्हर’, आणि पुढच्या ओळीत ‘द डेटाबेस स्टॉप्ट’. ग्राहकाने ते त्याच्या व्याकरणाने वाचलं: आधी यांनी रिस्टार्ट केला, त्यानंतर डेटाबेस थांबला. म्हणजे दोष यांचाच. रात्रभर जागून ज्याने आग विझवली, त्याच्यावरच आग लावल्याचा आळ. दोन दिवस फोन आणि ईमेल चालले. शेवटी मशीनवरच्या नोंदींतल्या वेळा एकाखाली एक मांडल्या तेव्हा ते मिटलं. अहवाल दुरुस्त करताना आम्ही फक्त एक शब्द काढला आणि वाक्यं घडलेल्या क्रमाने लावली. ‘द डिस्क फिल्ड अप. द डेटाबेस स्टॉप्ट. वी रिस्टार्टेड द सर्व्हर.’ साधा भूतकाळ, एकामागून एक, बैलगाड्यांच्या रांगेसारखा. जो आधी घडला तो आधी. मी आजही नव्या मुलांना अहवाल असाच लिहायला लावते.

त्याच्याच भावकीतला दुसरा घोळ ‘हॅव’चा. ‘मी त्याला काल पाहिलंय’ हे आपण सहज बोलतो, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’. इंग्रजीत वेळ सांगितली, काल, परवा, दिवाळीत, 1997 साली, की ‘हॅव’ चालत नाही. तिथे साधा भूतकाळच: ‘आय सॉ हिम यस्टरडे.’ वेळ सांगितली नाही आणि त्या गोष्टीचा परिणाम आत्ता चालू आहे, तेव्हा ‘हॅव’.

आणखी एक आपल्याकडून हमखास होतं. शाळेच्या आठवणी सांगताना आपण म्हणतो, ‘आम्ही रोज चालत यायचो’, ‘डबा खायचो’. त्याचं इंग्रजी ‘वी वेअर कमिंग’, ‘वी वेअर ईटिंग’ असं होऊन बसतं. ते त्या क्षणाचं चित्र झालं, सवय नाही. सवयीलाही साधा भूतकाळ पुरतो: ‘वी वॉक्ट टु स्कूल एव्हरी डे.’ आपण यायचो, येत असू, आलो, या तिघांनाही इंग्रजी एकाच खुर्चीत बसवते. कंजूष भाषा आहे ती त्या बाबतीत. उलट ‘पाऊस आला तर पेरू’ यात आपण ‘आला’ हा भूतकाळ चक्क पुढच्या आठवड्यासाठी वापरतो. ‘आलेच मी’ म्हणून चप्पलही न घालता दारात उभी असलेली बाई अर्धा तास येत नाही, तो भूतकाळ वेगळाच.

आता जे मला सांगायलाच हवं ते. काही वर्षांपूर्वी मी एका कंपनीत मुलाखती घेणाऱ्या तिघांपैकी एक होते. समोर हिंगोलीकडचा मुलगा होता. हिंगोली 1999 पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होती, त्यामुळे मला तो आपलाच वाटला, हे मान्य करते. त्याला विचारलं, तुम्ही सोडवलेली एखादी अवघड अडचण सांगा. त्याने सांगितलं. ‘फर्स्ट आय डिड नॉट फाउंड द प्रॉब्लेम.’ ‘देन आय डिड नॉट बिलीव्ह्ड द लॉग.’ पण सांगत होता ते अस्सल होतं. काय तपासलं, काय निघालं नाही, मग संशय कुठे गेला, शेवटी काय सापडलं. पायरी न पायरी, क्रमाने. तो बाहेर गेल्यावर शेजारच्याने कागदावर लिहिलं, संवादकौशल्य कमी. मी विचारलं, त्याने आधी काय केलं आणि नंतर काय केलं, ते तुम्हाला कळलं का? म्हणाले, कळलं. कुठे गैरसमज झाला? नाही. मग संवाद कशात कमी पडला? म्हणाले, ग्राहकासमोर कसं दिसेल ते. आदल्या तासाला आलेल्या मुलाचं इंग्रजी घोटीव होतं, पण त्याच्या गोष्टीत कोणी काय केलं तेच कळत नव्हतं. ‘वी हॅड’, ‘इट वॉज बीइंग’ यांच्या धुक्यात करणारा माणूस हरवला होता. त्याच्या कागदावर ‘उत्तम’ होतं. माझं एक मत, त्यांची दोन. हिंगोलीकडच्या मुलाला घेतलं नाही.

मला तो निर्णय पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पण ‘जग चुकीचं आहे’ असं आपल्या मुलांना सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. ‘डिड’च्या मागे पहिलं रूप हा एक तासाचा धडा आहे. तेवढ्यासाठी कुणाची नोकरी जात असेल तर तो तास आपण कुठूनही काढला पाहिजे.

आपल्यातली एक मैत्रीण गंगाखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिने नाव घेऊ नको म्हणून बजावलंय, पण ती तिसऱ्या रांगेत बसून आत्ता डोळे वटारतेय. तिला मी किल्ल्यांच्या जुडग्याचं सांगितलं. तिने ते सातवीला सांगितलं आणि वर स्वतःचं एक जोडलं, ते माझ्यापेक्षा चांगलं आहे. हजेरीच्या वेळी ‘येस मॅडम’ नाही म्हणायचं. काल काय केलं त्याचं एक वाक्य म्हणायचं आणि काय नाही केलं त्याचं एक. ‘आय मिल्क्ट द बफेलो. आय डिड नॉट डू होमवर्क.’ ‘आय वेंट टु द बझार. आय डिड नॉट बाय एनिथिंग.’ वर्गाला पाच-सात मिनिटं जास्त लागतात. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ‘आय एट’ आणि ‘आय स्लेप्ट’वर दिवस काढले. मग हळूहळू घरातलं बाहेर यायला लागलं. कुणाच्या बापाने बैल विकला, कुणाची बहीण पुण्याहून आली, कुणाच्या घरी लाइट आली नाही. मैत्रीण म्हणते, हजेरी घेताना मला गावाच्या बातम्या कळतात.

डिसेंबरमध्ये तिने मला फोन केला. वर्गातल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘माय मदर वेंट टु सांगली आफ्टर दिवाळी.’ आई-बाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी आजीजवळ. मैत्रिणीची अडचण व्याकरणाची होती. आई अजून परत आलेली नाही, पट्टा पडेपर्यंत यायची नाही, मग इथे ‘हॅज गॉन’ हवं ना? ‘वेंट’ खोडू का? मी म्हटलं, तिने ‘दिवाळीनंतर’ असं लिहिलंय, वेळ सांगितली आहे, तेव्हा ‘वेंट’ बरोबर आहे, खोडू नको. थोडा वेळ फोनवर दोघीही बोललो नाही. मग ती म्हणाली, खाली आणखी एक वाक्य आहे, ते वाचून दाखवते. ‘शी डिड नॉट टेक मी.’

‘टेक’, ‘टुक’ नाही. तिने दोन्ही वाक्यांवर बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.